सराव किती, आणि सराव कसा?

‘सरावाने सर्व काही साध्य होते’ हे वाक्य आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. पाटीवर अक्षर गिरवून गिरवून वळण आले, पडत-धडपडत सायकल आली, चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता ती गोल झाली. तेव्हा या वाक्यात तथ्य आहे, यात शंका नाही. परंतु ज्या घरात बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा किंवा मुलगी वाढत आहे, त्या घरातील आईवडिलांना हे वाक्य ऐकवून पाहावे. ते म्हणतात, “सराव तर रोजच करून घेतो हो, पण त्याच्या हाताला ते बसतच नाही.” शर्टाचे बटण लावायला वर्षभर शिकवले तरी रोज सकाळी पहिल्यापासून सुरुवात. मग शेवटी आईच बटण लावून मोकळी होते आणि मुलगा वीस वर्षांचा झाला तरी हात वर करून उभा राहतो.

यात दोष कोणाचा? मुलाचा की आईचा? पुष्कळदा तो दोघांचाही नसतो. सराव करून घेण्याची रीत त्या मुलाला मानवणारी नसते. प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा थोडा विचार आम्ही मांडीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही वा विशेष शिक्षकही नाही. कला शाखेचे पदवीधर, पेशाने बँकेतील कारकून. परंतु खिडकीवर येणाऱ्या माणसांमुळे हा विषय आमच्या मनात घर करून राहिला, आणि त्यावर जे वाचावयास मिळाले ते आपल्या मंडळाचे सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावे असे वाटले.

कोणाविषयी बोलत आहोत?

पूर्वी सरकारी कागदावर आणि बोलण्यातही ‘मतिमंद’ हा शब्द सर्रास वापरला जाई. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द स्वीकारला. जिथे समजण्याची व शिकण्याची गती लक्षणीय कमी आहे, रोजच्या व्यवहारातील कौशल्ये आत्मसात करणे जड जाते, आणि हे सर्व लहानपणापासूनच आहे, त्या अवस्थेला हे नाव आहे. हा मानसिक आजार नव्हे, हे विद्यार्थी मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे. अशांपैकी बहुसंख्य मुलांची अक्षमता सौम्य स्वरूपाची असते आणि योग्य रीतीने शिकविल्यास ती पुष्कळ कामे शिकतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या दीना नावाच्या मुलीच्या निमित्ताने शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील संस्था. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ उभी केली. केंद्र सरकारची या विषयाची राष्ट्रीय संस्था १९८४ साली सिकंदराबाद येथे स्थापन झाली. परंतु श्रीगोंद्यासारख्या तालुक्यातील वाडीवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला मुंबई-पुणे दूरच. तेथे घर हीच शाळा आणि आई हीच शिक्षिका, अशी परिस्थिती असते. म्हणून सरावाची रीत घरातल्या माणसांना माहीत असणे अगत्याचे आहे.

दुसरे असे की, २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अठरा वर्षे संपली की पुढे काय? “आमच्यामागे याचे कसे होणार?” हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री झोपू देत नाही. स्वतःची आंघोळ, कपडे, जेवण, आणि जमल्यास चार पैसे मिळवून देणारे एखादे काम त्याच्या हाताला आले, तर त्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मिळते. म्हणजे हाताचे शिक्षण ही त्याच्या पुढील साऱ्या आयुष्याची शिदोरी आहे.

जमणे वेगळे, शिकणे वेगळे

हातापायांनी करावयाच्या कामाचे शिक्षण कसे होते, याचा अभ्यास करणारे शास्त्र आहे. त्यातील पहिली व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, सराव चालू असताना एखादी गोष्ट जमणे आणि ती गोष्ट शिकणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आज शेजारी बसून दहा वेळा करून घेतले आणि दहाव्या वेळी जमले, म्हणजे तो शिकला असे होत नाही. उद्या सकाळी, कोणी न सांगता, दुसऱ्या ठिकाणी जमले तर तो शिकला.

याचे उदाहरण आम्ही आमच्या बँकेतच पाहतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे खात्यात जमा होतात, त्यासाठी आई मुलाला घेऊन येते. “साहेब, घरी सही करतो हो,” असे ती सांगते, आणि ते खरेच असते. घरी तो जमिनीवर मांडी घालून, पेन्सिलीने, दुरेघी वहीत, मोठ्या अक्षरात नाव लिहितो. येथे मात्र उभे राहून, दोरीला बांधलेल्या पेनाने, बोटभर चौकटीत, मागे रांग उभी असताना लिहायचे असते. त्याचा हात थांबतो आणि शेवटी शाईचे पॅड पुढे येते. मुलाने सराव कमी केला होता असे नाही. एकाच जागी, एकाच तऱ्हेने केला होता. घरच्या सरावात शेवटी शेवटी उभे राहून लिहिणे, पेन बदलणे, चौकट लहान करत आणणे एवढे जरी केले असते तरी फरक पडला असता.

कामाचे तुकडे पाडणे

आता सरावाच्या रीती पाहू. पहिली रीत म्हणजे कामाचे लहान लहान तुकडे पाडून ते साखळीसारखे जोडणे. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी १९७० च्या सुमारास मध्यम व तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या ६४ जणांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडावयास शिकविले. भाग एका ओळीत मांडून ठेवले आणि निम्म्या जणांसाठी प्रत्येक भागाच्या दर्शनी बाजूस रंग दिला. रंग दिसेल अशा रीतीने भाग बसवायचा, एवढेच लक्षात ठेवायचे. रंगाची खूण असलेले लवकर शिकले. पुढे २४ भागांचा, रंग न दिलेला ब्रेकही त्यांना शिकविण्यात आला. ज्यांना लोक कसल्याही कामाचे समजत नव्हते, त्यांनी हे काम केले. मुलगा शिकत नसेल तर मुलाला नाव ठेवू नका, शिकविण्याची दुसरी वाट शोधा, असा गोल्ड यांच्या साऱ्या कामाचा मथितार्थ आहे.

हे वाचताना आम्हाला धम्मपदाच्या अट्ठकथेतील चूळपंथकाची आठवण झाली. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावाने, जो स्वतः स्थविर होता, त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी त्याला परत बोलावले, हातात एक स्वच्छ फडके दिले आणि धूळ पुसण्याच्या अर्थाचा एकच शब्द म्हणत ते फडके हाताने चोळत राहण्यास सांगितले. चोळता चोळता फडके मळले, आणि गाथेतून जे कळले नव्हते ते त्याला हातातल्या फडक्यावरून कळले. चूळपंथकाला आजच्या कोणत्या व्याख्येत बसवावे, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. शिष्य तोच होता, बदलली ती शिकविण्याची रीत, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

घरी हीच तुकड्यांची रीत शेवटापासूनही वापरता येते. बटण लावण्याचे काम आईने नव्वद टक्के करावे. बटण अर्धे काजातून बाहेर आले की ते ओढण्याचे शेवटचे काम मुलाने करावे. ते पक्के झाले की त्याच्या आधीचा टप्पा त्याच्याकडे द्यावा. असे मागे मागे येत गेल्यास प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरे होते आणि पुरे झाल्याचा आनंद त्याला रोज मिळतो.

आधी चुका कमी, मग अवघड

“चुकत चुकत माणूस शिकतो” असे आपण म्हणतो. या मुलांच्या बाबतीत मात्र सुरुवातीला फार चुका होऊ देणे हिताचे ठरत नाही. कॅपिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या ३९ मुलांना खांद्यावरून चेंडू फेकावयास शिकविण्यात आले. एका गटाला सरावात चुका कमीत कमी होतील अशा बेताने सुरुवात करून दिली; दुसऱ्या गटाच्या सरावात चुका अधिक होत गेल्या. पहिल्या गटाची फेकण्याची ढब आणि नेम दोन्ही अधिक सुधारले. शिवाय मोकळ्या वेळेत खेळताना ती मुले आपण होऊन अधिक फेकू लागली. ज्या कामात यश येते ते काम माणूस पुन्हा पुन्हा करतो, हे तर आपल्या सर्वांनाच लागू आहे.

एकसारखा सराव की मिसळीचा सराव?

समजा, तीन कामे शिकवायची आहेत. पहिले वीस वेळा, मग दुसरे वीस वेळा, मग तिसरे वीस वेळा, अशी एक रीत. तिन्ही उलटसुलट मिसळून करणे ही दुसरी रीत. शी आणि मॉर्गन यांनी १९७९ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. सराव चालू असताना एकसारखा सराव करणारे पुढे होते. परंतु दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळीचा सराव करणारे सरस ठरले. दर वेळी काम बदलले की डोक्याला नव्याने जुळवाजुळव करावी लागते. तो त्रास पुढे कामी येतो.

तसाच दुसरा प्रयोग केर आणि बूथ यांचा, १९७८ सालचा. आठ वर्षांच्या मुलांपैकी एका गटाने फक्त तीन फुटांवरच्या खुणेवर लहान पिशवी टाकण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवर टाकली, तीन फुटांवर कधीच नाही. परीक्षा तीन फुटांवर घेतली, तरी दुसराच गट सरस निघाला. निरनिराळ्या अंतरांच्या सरावातून मुलांना जणू फेकण्याचा नियमच उमगला.

मग आपल्या मुलांनाही पहिल्या दिवसापासून मिसळीचा सराव द्यावा काय? येथे सावध राहिले पाहिजे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर झालेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष सर्व एका सुरात नाहीत. ग्वाडाग्नोली आणि ली यांनी २००४ साली मांडलेला विचार या ठिकाणी उपयोगी पडतो. शिकणाऱ्याची तयारी आणि कामाची अवघडता यांचा मेळ बसला पाहिजे. फार सोपे असेल तर शिकण्यासारखे काही उरत नाही. फार अवघड असेल तर काहीच हाती लागत नाही. म्हणून आमच्या मते क्रम असा असावा: प्रथम एकच काम, एकाच जागी, चुका न होतील असे सोपे करून, हात बसू लागला की थोडा थोडा बदल, आणि नंतर मिसळ. पुष्कळ घरांत पहिली पायरीच आयुष्यभर चालते आणि नेमके तेथेच घोडे अडते.

बोलावे किती, दाखवावे किती?

शिकविताना आपण फार बोलतो. “मनगट वळव, अंगठा दाब, कोपर आत घे” अशा सूचनांचा भडिमार केला की मुलगा गोंधळतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या शिवियाकोव्स्की, वुल्फ व आव्हिला यांच्या प्रयोगात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या, सरासरी बारा वर्षांच्या २४ मुलांनी लहान पिशव्या खुणेवर फेकल्या. निम्म्यांना हाताच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले, निम्म्यांना पिशवीच्या हालचालीकडे. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत पिशवीकडे लक्ष देणारी मुले सरस ठरली. तेव्हा “मनगट वळव” म्हणण्यापेक्षा “तांब्यातले पाणी बादलीत पडू दे” असे म्हणावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना तर ऐकण्यापेक्षा पाहून शिकणे सोपे जाते. त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच बाजूने, सावकाश करून दाखवावे.

शाबासकी आणि दुरुस्ती यांचेही तारतम्य असावे. प्रत्येक खेपेला “बरोबर, चूक” सांगत राहिलो तर मुलगा आपल्या तोंडाकडे पाहू लागतो, कामाकडे पाहत नाही. काही खेपा गप्प राहावे. त्याला स्वतःलाच पाहू द्यावे.

वेळेबद्दलही थोडे सांगतो. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना हे लगेच पटेल. इंग्लंडमध्ये बॅडले आणि लाँगमन यांनी टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. रोज एकच तास टंकयंत्र शिकणाऱ्यांना, दिवसातून दोनदा दोन-दोन तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. आपल्या मुलांना तर एक तासही जास्त होतो. दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा, परंतु रोज. हे रविवारी दोन तास बसविण्यापेक्षा केव्हाही चांगले.

लिंबाची प्रतवारी: एक नमुना

आपला तालुका लिंबासाठी ओळखला जातो. बागाईतदाराच्या घरी लिंबे तोडून आली की लहान-मोठी निवडावी लागतात. हे काम बसून करता येते आणि त्यात धोका कमी. एखाद्या मुलाला ते शिकवावयाचे झाल्यास आम्ही पुढीलप्रमाणे सुचवू.

पहिले काही दिवस फक्त दोनच प्रकार घ्यावेत: खूप मोठे आणि खूप लहान. दोन टोपल्या, एकीला हिरवी चिंधी, एकीला लाल. सुरुवातीला वीसच लिंबे. चुकण्याला जागाच नसावी. त्यानंतर मधल्या आकाराचे घ्यावे आणि जाड पुठ्ठ्याला गोल भोक पाडून द्यावे: लिंबू भोकातून गेले तर लाल टोपली, अडकले तर हिरवी. आपण म्हणावयाचे ते एवढेच: “लिंबू भोकात जातंय का बघ.” हात बसला की टोपल्यांच्या जागा बदलाव्यात, अंगणाऐवजी ओट्यावर बसवावे, चिंध्या काढाव्यात. मग निवडणे, मोजणे आणि पिशवीत भरणे ही तीन कामे आलटून पालटून द्यावीत. शेवटी पुठ्ठा बाजूला ठेवून नुसत्या नजरेने निवडून पाहावे. न जमल्यास पुठ्ठा खुशाल कायम ठेवावा. चष्मा लावणाऱ्याला आपण चष्म्याविना वाच असे म्हणत नाही. दर आठवड्याला एकदा, काही न सांगता, फक्त पाहावे आणि वहीत लिहावे: वीसपैकी किती बरोबर. आम्हा बँकवाल्यांची ही सवय येथे फार उपयोगी पडते. आकडा सावकाश वाढतो, परंतु वाढताना दिसला की घरच्यांचा धीर टिकतो.

काही इशारे

मुलाला फिट्स येत असतील, किंवा डाऊन सिंड्रोम असेल तर दमाचे खेळ वा व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. काहींच्या मानेचा सांधाही नाजूक असतो. दुसरे, सही करता आली म्हणजे व्यवहार कळला असे नव्हे. पैशाच्या बाबतीत मुलाची फसवणूक होऊ नये म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोय आहे. तिसरे, रागावून वा चिडवून घेतलेला सराव वाया जातो. चिडविण्यात आपली शहाणी मुले पुढे असतात, हे दुर्दैवाने खरे आहे.

कोणी म्हणेल, एका बटणासाठी, एका सहीसाठी एवढा खटाटोप कशाला? आम्ही एवढेच म्हणू की, जून २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्स जागतिक स्पर्धेत भारताच्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंनी २०२ पदके मिळविली. त्यांत ७६ सुवर्ण होती. त्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी असे तुकडे तुकडे करून शिकविलेले आहे. परंतु पदक हीच काही कसोटी नव्हे. ज्याला आजवर दुसऱ्याने कपडे घातले, त्याने एके दिवशी स्वतः शर्ट घालून दाराबाहेर यावे, यातही मान आहे. हा मान त्याचा त्याने मिळवायचा असतो. आपण फक्त वाट मोकळी करून द्यायची असते.

आपल्या मंडळाच्या विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या आळीत, वस्तीत असे एखादे घर असेलच. आठवड्यातून तीन संध्याकाळी पंधरा मिनिटे तेथे जावे. त्या आईला विचारावे, “मावशी, याला कोणतं एक काम आलं तर तुमचा भार हलका होईल?” ती जे सांगेल तेच काम घ्यावे, त्याचे तुकडे पाडावेत आणि एक वही घालावी. पहिल्या पानावर तारीख, काम, आणि वीसपैकी किती. दुसऱ्या पानासाठी घाई करू नये.